पिशवी काढायची म्हणजे नेमकं काय काढायचं?

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचे आहेत. बोलताना आपण ‘पिशवी काढली’ एवढंच म्हणतो. त्यातून काय काढलं, काय ठेवलं, कोणत्या वाटेने काढलं आणि कशासाठी काढलं, यातलं काहीच कळत नाही. विश्रांती किती घ्यायची, पाळी जाण्याचे त्रास लगेच सुरू होणार का, पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची) पुढे करायची का, हे सगळं मात्र याच चार गोष्टींवर ठरतं. म्हणून उत्तरांमध्ये आम्ही पुन्हा पुन्हा तिथेच आलो आहोत.

प्रश्न : माझं वय ४४. फायब्रॉइडच्या गाठींमुळे पिशवी काढायचं ठरतंय. डॉक्टर ‘टोटल’ म्हणाले. बहिणीचं ‘सबटोटल’ झालं होतं आणि ओळखीच्या एका बाईंचं ‘सगळंच काढलं’ म्हणतात. यात फरक काय?

गर्भाशयाचा आकार उलट्या धरलेल्या नासपतीसारखा असतो. लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर. वरचा फुगीर भाग म्हणजे गर्भाशयाचा मुख्य भाग. खालची निमुळती मान म्हणजे गर्भाशयमुख, ते योनीमार्गात उघडतं. वरच्या दोन कोपऱ्यांतून बीजनलिका निघतात आणि त्यांच्या टोकांजवळ दोन बीजांडकोश असतात. संप्रेरकं बीजांडकोश बनवतात, गर्भाशय नाही. एवढं चित्र डोळ्यांपुढे ठेवलं की बाकीचं सोपं आहे.

टोटल म्हणजे गर्भाशय आणि गर्भाशयमुख दोन्ही काढणं. ‘टोटल’ या शब्दाने पुष्कळजणी फसतात, कारण त्यात बीजांडकोश येत नाहीत. ते काढायचे असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं, वेगळं लिहावं लागतं आणि तुमची त्याला वेगळी संमती असावी लागते. तुमच्या ओळखीच्या बाईंचं ‘सगळंच काढलं’ म्हणजे बहुधा हेच असणार.

सबटोटलमध्ये वरचा भाग काढतात आणि गर्भाशयमुख जागेवर ठेवतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेनासा झाला आणि वेळ हाताशी नसला, किंवा मूत्राशय गर्भाशयमुखाला इतकं चिकटलेलं असलं की सोडवताना फाटेल, तर हा निर्णय शहाणपणाचा ठरतो. मुख ठेवलं की लघवीवरचा ताबा आणि शरीरसुख चांगलं राहतं, असं पूर्वी मानत. दोन्ही प्रकारांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत तसा फरक आढळला नाही. उलट मुख ठेवलेल्या काहीजणींना दर महिन्याला थोडं लाल जात राहतं, कारण अस्तराचा थोडा अंश तिथे उरतो. मुखाच्या कॅन्सरची तपासणीही चालू ठेवावी लागते. त्यामुळे सबळ कारण नसेल तर आमचा कल टोटलकडे आहे.

तिसरा प्रकार रॅडिकल. तो मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. त्यात गर्भाशयासोबत त्याच्या दोन्ही बाजूंच्या आधाराच्या ऊती, योनीमार्गाचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी काढतात. मूत्राशयाच्या नसा याच भागातून जातात, म्हणून या ऑपरेशननंतर लघवीची नळी बरेच दिवस ठेवावी लागू शकते. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, दुर्बिणीने किंवा रोबोटने रॅडिकल ऑपरेशन झालेल्यांपैकी साडेचार वर्षांनंतर ८६ टक्के कॅन्सरमुक्त होत्या. पोट उघडून केलेल्यांमध्ये हा आकडा ९६.५ टक्के होता. म्हणून या एका आजारात मोठ्या छेदाला नाकं मुरडू नयेत.

बीजनलिकांचं काय? टोटलसोबत दोन्ही नलिका काढून टाकणं हल्ली रूढ झालं आहे. बीजांडकोशाचे म्हणून ओळखले जाणारे बरेचसे घातक कॅन्सर खरं तर नलिकेच्या झालरीसारख्या टोकापाशी सुरू होतात. नलिका काढल्याने संप्रेरकांना धक्का लागत नाही.

प्रश्न : वय ४१. पाळी दहा दिवस चालते, गुठळ्या पडतात. हिमोग्लोबिन ८ आहे. सोनोग्राफीत अडिनोमायोसिस निघालं. पिशवी काढणं हाच उपाय आहे का?

नाही. निदान आत्ता तरी नाही.

अडिनोमायोसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच्या स्नायूंत शिरलेल्या असतात. त्यामुळे भिंत जाड होते, पाळीत दुखतं आणि रक्त जास्त जातं. पहिल्यांदा रक्त थांबवायचं. ट्रानेक्झामिक ॲसिडची १ ग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, फक्त जास्त रक्त जाण्याच्या दिवसांत, चार-पाच दिवसांपर्यंत देतात. पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर हे औषध चालत नाही. दुसरा आणि तुमच्यासाठी जास्त मोलाचा उपाय म्हणजे ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू. तिने अस्तर पातळ होतं आणि रक्त कमी जातं. मात्र पूर्ण गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि पहिले काही महिने अधूनमधून डाग दिसत राहतात. नेमक्या याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून अनेकजणी ती काढून टाकतात. तसं करू नका.

अस्तर उष्णतेने जाळण्याची पद्धतही आहे. पण अडिनोमायोसिस खोलवर असेल तर ती कमी पडते, आणि पुढे मूल हवं असणाऱ्यांसाठी ती मुळीच नाही. गाठी असतील तर फक्त गाठी काढता येतात, किंवा त्यांचा रक्तपुरवठा बंद करून त्या आकसवता येतात.

उपचारांआधी अस्तराचा तुकडा तपासायचा का, ते डॉक्टरांना विचारा. ४५ वर्षांपुढे असा रक्तस्राव होत असेल तर ही तपासणी टाळू नये. त्याआधीसुद्धा वजन जास्त असेल, पाळी वर्षानुवर्षं अनियमित असेल किंवा औषधांनी गुण येत नसेल तर ती करावी. तपासणीत कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था निघाली तर गर्भाशय काढण्याचा सल्ला योग्यच असतो. इतर उपाय करून थकल्यावर, किंवा मोठ्या गाठी मूत्राशयावर आणि मूत्रवाहिन्यांवर (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळ्यांवर) दाबत असतील तेव्हाही तो योग्य असतो.

पण त्रास न देणारी २ सेंटिमीटरची गाठ, अंगावरून पांढरं जाणं, मुखावर दिसलेली लाली किंवा ‘पुढे कॅन्सर होऊ नये म्हणून’ ही काही पिशवी काढण्याची कारणं नाहीत. फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची निघणं फारच विरळा. यातल्या एखाद्या कारणावरून ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, घाई कसलीच नाही.

राहिलं हिमोग्लोबिन. पुढेमागे ऑपरेशन ठरलंच तरी ८ वर टेबलावर जाऊ नये. शिरेतून लोह दिलं तर दोन ते चार आठवड्यांत चांगला फरक पडतो. गोळ्यांना याहून जास्त वेळ लागतो. मधल्या काळात हार्मोनने पाळी थांबवून ठेवता येते. रक्त चढवून आठवडाभरात उरकण्यापेक्षा महिनाभर थांबून स्वतःच्या रक्तावर ऑपरेशनला जाणं केव्हाही चांगलं. रक्त ताबडतोब थांबवण्याची वेळ आली असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : दुर्बिणीचं करायचं, बिनटाक्याचं की पोटावर छेद घेऊन? सगळ्यांत चांगलं कोणतं?

जमण्यासारखं असेल तर खालून, म्हणजे योनीमार्गातून. यालाच लोक ‘बिनटाक्याचं’ म्हणतात. टाके असतात, पण आत असतात आणि आपोआप विरघळतात. पोटावर एकही छेद नसतो, दुखणं कमी असतं आणि बाई लवकर उठते-चालते. अंग बाहेर आलेलं असेल तरच हे करता येतं, ही समजूत जुनी झाली. गर्भाशय जागेवर असलं, आधी सिझेरियन झालेलं असलं, तरी ते खाली सरकणारं आणि साधारण १२ आठवड्यांच्या गरोदरपणात होतं तेवढं असेल तर अनुभवी सर्जन खालून काढतात. त्याहून मोठं असलं तर आतल्या आत भाग करून काढता येतं.

खालून अवघड असेल तर दुर्बीण. पोटावर ५ ते १० मिलिमीटरचे तीन-चार छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. एका छेदातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून अवजारं जातात. हॅरी रीच यांनी १९८८ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये असं पहिलं ऑपरेशन केलं, आणि त्यानंतर ही पद्धत जगभर गेली. एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं) असेल, आतली चिकटलेली आतडी सोडवायची असतील किंवा बीजांडकोशाची गाठ सोबत काढायची असेल तर दुर्बिणीतून नीट दिसतं. रोबोट म्हणजे हीच दुर्बीण, फक्त अवजारं यंत्राच्या हातात. साध्या आजारांत त्याचे परिणाम नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा सरस ठरलेले नाहीत.

पोटावरचा छेद उरतो तो फार मोठ्या गाठींसाठी, दाट चिकटलेल्या पोटासाठी आणि काही कॅन्सरसाठी. बहुतेक वेळा तो बिकिनी रेषेत आडवा, १० ते १२ सेंटिमीटरचा असतो. गर्भाशय बेंबीपर्यंत वाढलं असेल किंवा कॅन्सर असेल तर उभा.

दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागलं, तर घरच्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. रक्तस्राव आवरत नसेल किंवा आतडं नीट दिसत नसेल तेव्हा हट्टाने दुर्बिणीला चिकटून राहणं हीच चूक ठरेल. संमतीपत्रावर ही शक्यता लिहिलेली असते, ती वाचूनच सही करा.

मोठी गाठ दुर्बिणीतून काढायची असेल तर एक प्रश्न जरूर विचारा : गाठीचे तुकडे पोटात सोडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत करणार की मोकळ्या पोटात? गाठीत लपलेला कॅन्सर असलाच तर यंत्राने केलेले तुकडे तो पोटभर पसरवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याच कारणाने या यंत्राविरुद्ध इशारा दिला.

आणि शेवटी सर्जनचा हात. तुमच्या डॉक्टरांना जी पद्धत सफाईने येते, ती तुमच्यासाठी कागदावरच्या सर्वोत्तम पद्धतीहून चांगली ठरू शकते. ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता? माझ्यासाठी खालची वाट का नको?’ असं विचारण्यात अजिबात उद्धटपणा नाही.

प्रश्न : ऑपरेशन थिएटरमध्ये नेमकं काय करतात? माहीत असलं की माझी भीती कमी होते.

मग सविस्तरच सांगतो. सहा तास आधी खाणं बंद आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ पाळा. भुलेच्या वेळी पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये, एवढ्यासाठी हे. केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. लागलेच तर तिथे क्लिपरने कापतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, गर्भनिरोधक गोळ्या यांची यादी आधीच द्या.

छेदाच्या आधी तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाची एक मात्रा देतात. दुर्बिणीसाठी पूर्ण भूल असते. खालून किंवा पोटावरून करायचं असेल तर बऱ्याचदा कमरेतून दिलेली भूल पुरते. मग लघवीची नळी घालतात. रिकामं मूत्राशय आक्रसून बाजूला राहतं.

गर्भाशय पोटात मोकळं लोंबकळत नसतं. दोऱ्यांनी ताणून धरलेल्या तंबूसारखं ते अस्थिबंधांनी धरलेलं असतं. ऑपरेशन म्हणजे हे बंध आणि रक्तवाहिन्या एकेक करून बांधून किंवा विजेच्या उष्णतेने बंद करून कापत जाणं. दुर्बिणीतून आणि पोटावरून वरून खाली येतात : आधी गोल बंध, मग बीजांडकोश ठेवायचा असेल तर त्याच्या आणि गर्भाशयाच्या मधला जोड. त्यानंतर समोरचं मूत्राशय हलक्या हाताने सोडवून खाली सरकवतात. आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल तर इथे ते चिकटलेलं असतं, आणि मूत्राशयाला इजा होण्याची भीती इथेच सर्वांत जास्त.

पुढचा टप्पा गर्भाशयाच्या मुख्य रोहिणीचा. या रोहिणीच्या खालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून मूत्रवाहिनी जाते. पुलाखालून पाणी वाहतं तशी ही रचना विद्यार्थ्यांना शिकवतात. रोहिणी बंद करताना अवजार थोडं बाहेर गेलं, किंवा अचानक रक्त आलं आणि घाईत चिमटा लावला गेला, तर मूत्रवाहिनी चिमटीत सापडते, नाहीतर उष्णतेने भाजते. मूत्राशय आणि मूत्रवाहिनी मिळून अशा इजा शंभरात साधारण एकीला होतात. त्याच वेळी लक्षात आल्या तर तिथल्या तिथे दुरुस्त होतात आणि पुढे सहसा त्रास राहत नाही. त्रास होतो तो उशिरा कळल्यावर.

मग योनीमार्गाच्या वरच्या टोकाला गोल छेद घेऊन गर्भाशय सुटं करतात आणि खालून बाहेर काढतात. उघडं राहिलेलं टोक विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात आणि मागच्या मजबूत बंधांना अडकवतात, म्हणजे पुढे ते खाली घसरत नाही. योनीमार्गातून करताना हाच क्रम उलटा असतो, खालून वर. सगळं मिळून एक ते दोन तास, चिकटलेलं असेल तर जास्त. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे गेला का, ते विचारा. तो गेलाच पाहिजे.

प्रश्न : ‘नाहीतरी पोट उघडणारच, तर बीजांडकोशही काढून टाकू, पुढची कटकट नको’ असा सल्ला मिळाला. वय ४३. काय करावं?

बीजांडकोश निरोगी असतील आणि घरात स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरचा इतिहास नसेल, तर ठेवावेत. पाळी नैसर्गिकपणे जाते तेव्हा इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरतं. ऑपरेशनमध्ये ते एका दिवसात जातं. अंगातून वाफा येणं, दरदरून घाम, झोप उडणं, योनीमार्ग कोरडा पडणं हे त्रास कधीकधी चार-पाच दिवसांतच सुरू होतात आणि तीव्र असतात. डोळ्यांना न दिसणारं नुकसान याहून मोठं आहे : हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. चाळिशीतल्या बाईने ‘कटकट नको’ म्हणून ही किंमत देऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.

बीआरसीए जनुकात दोष असेल, म्हणजे स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका जन्मतःच जास्त असेल, तर उत्तर बदलतं. तिथे काढण्याचाच सल्ला देतात. बीआरसीए १ असेल तर ३५ ते ४० वयाच्या दरम्यान, बीआरसीए २ असेल तर ४० ते ४५. काही कारणाने लवकर काढावे लागलेच, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन बाहेरून घेता येतं. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना मात्र ते सहसा देत नाहीत. गर्भाशय नसल्यामुळे सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. अपवाद म्हणजे मुख मागे ठेवलेलं असणं किंवा मोठं एंडोमेट्रिओसिस झालेलं असणं.

बीजांडकोश ठेवले तरी त्यांचं काम थोडं लवकर थांबू शकतं. पाळी येत नसल्याने ते कळायला बाहेरची खूण उरत नाही. वाफा येऊ लागल्या तर तेच समजावं आणि डॉक्टरांना सांगावं.

प्रश्न : आईचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, पोटावर आडवा छेद. घरी आणल्यावर किती दिवस काय काळजी घ्यायची?

काळजी रुग्णालयातच सुरू होते. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी त्यांना उठवून चालवतील. दुखत असताना का चालवतात, म्हणून अडवू नका. पडून राहिल्याने पोटऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि तिथून सुटलेली गुठळी फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातांवर भार देऊन बसायचं. खोकताना, शिंकताना छेदावर छोटी उशी दाबून धरायची.

लघवीची नळी बहुतेक वेळा २४ तासांच्या आत काढतात. त्यानंतर चार ते सहा तासांत लघवी झाली पाहिजे. ओटीपोट तटतटलंय पण थेंब थेंबच होतंय, असं असेल तर नर्सना लगेच सांगा. मूत्राशय जास्त ताणलं गेलं की ते पुढचे कितीतरी दिवस नीट काम करत नाही.

पोटावरच्या ऑपरेशननंतर दोन ते चार दिवसांत घरी सोडतात. दुर्बिणीच्या किंवा खालच्या ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच. पहिला आठवडा दुखण्याच्या गोळ्या घड्याळाप्रमाणे द्या, कळ आल्यावर नव्हे. दुखणं डोक्यावर गेल्यावर घेतलेली गोळी कमी पडते, मग माणूस चालत नाही, श्वासही उथळ घेतो. शौचाला साधारण तिसऱ्या दिवसापर्यंत होतं. मलावरोध हा या दिवसांतला सर्वांत त्रासदायक आणि सहज टाळता येणारा प्रकार. भरपूर पाणी, चोथा असलेलं खाणं आणि गरज लागली तर मल मऊ करणारं औषध पहिल्या दिवसापासून द्या, कुंथणं नको.

अंघोळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालते. टाक्यांवर साबण घासायचा नाही, पाणी वाहू द्यायचं आणि स्वच्छ कपड्याने टिपून कोरडं करायचं. पोट सुटलेलं असेल तर छेद घडीखाली झाकला जातो आणि ओल राहून तिथे जंतू वाढतात. दिवसातून दोनदा आरशात किंवा तुम्ही स्वतः तो भाग पाहा.

चालणं रोज वाढवा : पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं तीन-चार वेळा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सलग वीस-तीस मिनिटं. जिने चढायला बंदी नाही, सावकाश चढावेत. उचलायचं काय? सहा आठवडे पाच किलोच्या वर काहीही नाही. भरलेली दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो, हे लक्षात ठेवा, कारण नेमकी तीच नकळत उचलली जाते. कडेवरचं नातवंडही यातच आलं. बाहेरचा व्रण दहा-बारा दिवसांत भरलेला दिसतो, पण पोटाच्या भिंतीचा आतला थर बळकट व्हायला महिने लागतात. त्याआधी जोर लावला तर तिथे हर्निया होऊ शकतो. बैठ्या कामावर सहा आठवड्यांनी आणि कष्टाच्या कामावर आठ आठवड्यांनी परतता येतं. दुर्बिणीच्या किंवा खालच्या ऑपरेशननंतर बैठं काम दोन ते चार आठवड्यांत जमतं, पण उचलण्याचा नियम तिथेही तोच. पोटावर छेद नाही म्हणून आतली शिवण लवकर भरत नाही, हे त्या बायकांना कोणी सांगत नाही.

आणखी एक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बरं वाटू लागतं, मग बाई कामाला लागते आणि संध्याकाळी पार गळून जाते. हा थकवा आळस नाही. दुपारची झोप महिना-दीड महिना चालू राहू द्या.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइट) वर, तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, घाण वासाचा स्राव, पोट फुगून उलट्या, कमरेच्या एका बाजूला सतत कळ, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ तातडीच्या विभागात न्या, फोन करत बसू नका.

प्रश्न : दुर्बिणीने ऑपरेशन झालं. पोट ठीक आहे, पण खांदा दुखतोय! काही चुकलं का?

नाही. पोटात भरलेल्या वायूचा थोडा अंश उरतो आणि तो श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, चाळवतो. श्वासपटलाची आणि खांद्याची नस एकाच मुळातून येते, म्हणून मेंदूला दुखणं खांद्यात वाटतं. चालण्याने आणि साध्या वेदनाशामकाने एक-दोन, फार तर तीन दिवसांत जातं.

प्रश्न : बारावा दिवस आहे. बंद झालेलं लाल पुन्हा दिसलं. घाबरावं का?

थोडं, डागाएवढं असेल तर नाही. या सुमारास आतले टाके सैल होऊन विरघळू लागतात. तपकिरी किंवा गुलाबी स्राव, त्यात दोऱ्याचे तुकडे, हे सहा आठवड्यांपर्यंत दिसू शकतं. रक्त वाढत गेलं, ताजं लाल, गुठळ्यांसह आलं किंवा सोबत ताप असला तर त्याच दिवशी तपासून घ्या. आतल्या शिवणीपाशी रक्त साचून त्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

प्रश्न : ऑपरेशनला नऊ दिवस झाले. आई म्हणते, ‘लघवी लागतच नाही, पण कपडे सतत ओले.’ अशक्तपणाने असेल का?

अशक्तपणाने असं होत नाही. उद्यावर टाकू नका, आजच सर्जनकडे न्या. ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला झालेली, पण तेव्हा न दिसलेली इजा बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात अशी उघड होते : भाजलेला किंवा टाक्यात आलेला भाग झडतो आणि तिथून लघवी योनीमार्गात झिरपू लागते. लवकर कळलं तर काही वेळा नळी ठेवूनच भोक बुजतं, नाहीतर शस्त्रक्रियेने दुरुस्त करता येतं. आईला लाज वाटत असेल, म्हणून ती पुरतं सांगणार नाही. तुम्हीच सविस्तर विचारा.

प्रश्न : (एका वाचकाचा) पत्नीचं टोटल ऑपरेशन झालंय. शरीरसंबंध कधी सुरू करावेत? तिला पूर्वीसारखं वाटेल का?

योनीमार्गाच्या टोकाची शिवण भरेपर्यंत नाही. म्हणजे किमान सहा ते आठ आठवडे, दुर्बिणीने झालं असेल तर अनेक सर्जन बारा आठवडे सांगतात. आणि तेही डॉक्टरांनी आतून तपासल्यानंतर. घाई केली तर शिवण उसवू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर आतडं खाली येऊ शकतं आणि तातडीचं ऑपरेशन करावं लागतं. अचानक पाण्यासारखा लोट, जोराची कळ किंवा खाली काही आल्यासारखं वाटलं तर लगेच न्या.

बहुतेकींचं शरीरसुख कमी होत नाही. रक्तस्राव आणि दुखणं गेल्याने अनेकींना उलट सैल, मोकळं वाटतं. बीजांडकोश काढले असतील तर कोरडेपणा येतो; त्यावर वंगण किंवा योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन मलम उपयोगी पडतं. सुरुवात केव्हा करायची, हे पत्नीला ठरवू द्या.

प्रश्न : पिशवी काढलेल्या जागी पोकळी राहते का? पोटाला पट्टा बांधावा का?

पोकळी राहत नाही. आतडी त्या जागेत सरकतात, मूत्राशयही जरा पसरतं. पट्टा चालताना आधार वाटतो म्हणून वापरायला हरकत नाही, पण त्याने जखम लवकर भरत नाही. झोपताना काढा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करायचे तर लघवी अडवताना आवळतो तसे पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. नळी निघाल्यावर आणि दुखणं बसल्यावर सुरू करा.

प्रश्न : माझं ऑपरेशन पंधरा वर्षांपूर्वी झालं. कागद हरवले. काय काढलं तेच माहीत नाही. पॅप तपासणी करायची का?

आधी काय आहे ते पाहून घ्या. गर्भाशयमुख आहे की नाही, हे डॉक्टरांना आतून तपासताना दोन मिनिटांत कळतं. बीजांडकोश आहेत का, याचा अंदाज सोनोग्राफीतून येतो, मात्र पाळी जाण्याच्या वयानंतर ते आकसतात आणि दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं म्हणता येत नाही. मुख असेल तर तुमच्या वयाप्रमाणे पॅप किंवा एचपीव्ही (मुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी इतर बायकांसारखीच चालू ठेवा. मुख काढलेलं असेल, ऑपरेशन कॅन्सरसाठी नसेल आणि त्याआधी मुखावर गंभीर बिघाडाच्या पेशी कधी सापडल्या नसतील, तर पॅपची गरज नाही. तशा पेशी सापडल्या असतील तर त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं तपासणी चालू ठेवावी लागते. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे जुन्या नोंदींची आणि पॅथॉलॉजी अहवालाची नक्कल लेखी मागा. जे मिळेल त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि एक प्रत मुलीकडे द्या.